नवे हक्क आणि जुन्या शिक्षा

एखाद्या मनुष्यास ज्या कायद्याखाली शिक्षा झाली तो कायदाच पुढे घटनाविरोधी ठरला, अथवा ज्या रीतीने त्याचा न्याय झाला ती रीत अपुरी होती असे पुढे न्यायालयानेच मान्य केले, तर त्या मनुष्याच्या शिक्षेचे काय व्हावयाचे? हा प्रश्न वरकरणी वकिलांच्या बैठकीतला वाटतो. परंतु तुरुंगाच्या भिंतीआड ज्यांची माणसे बसली आहेत त्यांत आमच्या समाजाची व आमच्याहूनही उपेक्षित अशा भटक्या-विमुक्त बांधवांची संख्या थोडी नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो घरचाच प्रश्न वाटेल. म्हणून आजच्या अंकात आम्ही त्याचा थोडा विस्ताराने विचार करीत आहो.

ह्या प्रश्नाला आपल्या देशात पहिले उत्तर मिळाले ते मुंबईच्याच एका खटल्यात. १९४९ साली मुंबईत रेल्वे कामगारांसंबंधी एक पत्रक प्रसिद्ध झाले. ते सरकारी परवानगीवाचून काढलेले बातमीपत्र आहे असे ठरवून, १९३१ च्या छापखानेविषयक कायद्याखाली त्या प्रकाशन संस्थेचे चिटणीस केशवन माधव मेनन यांच्यावर डिसेंबर १९४९ मध्ये खटला भरण्यात आला. खटला चालू असतानाच २६ जानेवारी १९५० उजाडला. राज्यघटना अमलात आली. भाषणस्वातंत्र्य व विचारप्रकाशनाचे स्वातंत्र्य हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क झाला. आणि घटनेच्या तेराव्या कलमाने असे सांगितले की, मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले पूर्वीचे कायदे त्या विसंगतीपुरते शून्यवत् होतील. मेनन यांनी विचारले : ज्या कायद्याखाली माझ्यावर खटला चालू आहे तो आता शून्यवत् झाला असेल, तर मला शिक्षा कोणत्या आधारावर करणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे हा प्रश्न गेला. २२ जानेवारी १९५१ रोजी पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय झाला, आणि तो मेनन यांच्या विरुद्ध गेला. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे : मूलभूत हक्क घटनेने जन्मास घातले, घटनेपूर्वी ते नव्हतेच. जे हक्क १९४९ साली अस्तित्वातच नव्हते त्यांचा भंग १९४९ साली होणे शक्य नाही. तेरावे कलम पुढे पाहते, मागे पाहत नाही. म्हणून घटनेपूर्वी घडलेल्या कृत्याची जबाबदारी त्या वेळच्या कायद्याप्रमाणेच ठरेल. न्यायमूर्ती फाजल अली यांनी ह्याविरुद्ध मत दिले व न्यायमूर्ती मुखर्जी त्यांच्याशी सहमत झाले. त्यांचे म्हणणे असे की, जे व्यवहार पूर्ण होऊन मिटले आहेत ते मिटले. त्यांना कोणी हात लावू नये. परंतु जो खटला अजून चालूच आहे, ज्यात अजून शिक्षा व्हावयाची आहे, तेथे शून्यवत् झालेल्या कायद्याचा आधार घेऊन मनुष्यास दंड करणे योग्य नाही.

बहुमताच्या तर्कात व्याकरणाची चूक काढता येणार नाही. त्यामागची भीतीही समजण्यासारखी आहे : घटना अमलात येताच जुने सारे खटले उकलू लागले तर राज्ययंत्र चालावयाचे कसे? तरीही आमचे मन अल्पमताकडे झुकते. जो कायदा स्वतंत्र राष्ट्राने नव्याने स्वीकारलेल्या तत्त्वांशी विसंगत आहे, त्याच्या नावाने त्याच राष्ट्राच्या न्यायालयाने घटनेनंतर शिक्षा ठोठावावी, हे तर्काने सिद्ध झाले तरी न्यायबुद्धीला पटत नाही. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, न्यायालयाने ह्या नियमाची धार थोडी बोथट केली. १९४७ च्या मुंबई सार्वजनिक सुरक्षितता कायद्याखाली काही खटले नेहमीच्या न्यायालयाऐवजी विशेष न्यायाधीशाकडे पाठविले जात. अशा एका खटल्याच्या बाबतीत न्यायालयाने ठरविले की, गुन्हा घटनेपूर्वीचा असला तरी घटनेनंतर चालणारी न्यायाची रीत घटनेला धरूनच असली पाहिजे. भेदभावाच्या रीतीने झालेली दोषसिद्धी टिकणार नाही. म्हणजे जबाबदारी जुनी, परंतु न्यायाची पद्धत नवी, अशी वाटणी झाली. ही वाटणी ध्यानात ठेवावी. पुढे जे सांगावयाचे आहे ते तिच्यावरच उभे आहे.

येथे कोणी विचारील की, मागे पाहण्याची मुभाच नको, असा सरळ नियम का करू नये? ह्याचे उत्तर घटनेच्याच विसाव्या कलमात आहे. कृत्य घडले त्या वेळी जो गुन्हा नव्हता त्याबद्दल मागाहून कायदा करून शिक्षा करता येत नाही, आणि त्या वेळी जेवढी शिक्षा होती तीहून अधिक देता येत नाही. हा नियम आपल्यालाही बांधतो. ज्या गावकऱ्याने १९४० साली पाणवठ्यावर आमच्या मायबहिणींना मज्जाव केला, त्याला १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याखाली शिक्षा मागता आली नाही. तो कायदा १ जून १९५५ पासून पुढच्या कृत्यांना लागला. पुष्कळांना त्या काळी हे कडू वाटले असेल. पण कठोर कायद्याने मागे जाऊ नये हे ज्यांनी सोसले, त्यांना दयाळू कायद्याने मागे जावे असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. ह्या दोन गोष्टी एक नाहीत, हे न्यायालयानेही मानले आहे. १९६४ साली गुडगाव जिल्ह्यातील सोळा वर्षांच्या एका मुलाच्या खटल्यात प्रश्न असा होता की, तरुण अपराध्यांना तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याची सवलत देणारा कायदा त्या जिल्ह्यास त्याच्या दोषसिद्धीनंतर लागू झाला, तर त्याचा लाभ त्याला मिळावा की नाही? मिळावा, असे बहुमताने ठरले. शिक्षेची धार कमी करणारा कायदा मागे गेला तर विसाव्या कलमाला काही बाध येत नाही.

घटनेनंतर झालेल्या कायद्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. मूलभूत हक्क अस्तित्वात असताना त्यांच्या विरुद्ध केलेला कायदा जन्मतःच मृत असतो, असे न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हेच तत्त्व लावून, वरिष्ठ अधिकाऱ्यांना चौकशीपासून संरक्षण देणारी एक तरतूद ती पुस्तकात आली त्या दिवसापासूनच, म्हणजे २००३ पासून, शून्यवत् असल्याचे सांगितले. पुस्तकातले तत्त्व असे स्वच्छ. व्यवहार मात्र गढूळ. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरीही पोलीस त्या मृत कलमाखाली खटले भरीत राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की ह्या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही. कधी न्यायालय स्वतःच हात आखडते. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाचा काही भाग घटनाविरोधी ठरविला, तेव्हा जे खटले अंतिम झाले आहेत ते ह्या निर्णयामुळे पुन्हा उघडणार नाहीत असेही त्याच निकालपत्रात लिहून ठेवले. (तो निर्णय २०१३ साली फिरला आणि २०१८ साली पुन्हा तोच विचार मान्य झाला, हा इतिहास निराळा.) अंतिम, हा शब्द न्यायालयाला फार प्रिय आहे.

पण हा शब्द मनुष्याच्या गळ्याशी येतो तेव्हा काय होते, ते नाशिकच्या सहा जणांच्या हकिकतीत दिसते. ही हकिकत आमच्या प्रत्येक वाचकाने लक्षपूर्वक वाचावी अशी आमची इच्छा आहे.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतमजूर कुटुंबाच्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली; स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा इतका निर्घृण होता की ऐकणाऱ्याचे रक्त तापावे. पोलिसांनी सहा जणांना धरले. ते सारे भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब, मोलमजुरी करणारे होते. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून सहाही जणांना फाशी दिली. त्यानंतरचे पुनर्विचाराचे अर्जही फेटाळले गेले. कायद्याच्या भाषेत प्रकरण अंतिम झाले.

पुनर्विचाराचा अर्ज त्या काळी कसा निकालात निघे, हे येथे सांगितले पाहिजे. न्यायाधीश तो आपल्या दालनात, कागद फिरवून वाचीत. वकिलाला उभे राहून बोलण्याची मुभा सहसा नसे. २ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले की, घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचा अर्थ पाहता, फाशीच्या प्रकरणात पुनर्विचाराच्या अर्जावर तोंडी युक्तिवाद उघड्या न्यायालयात ऐकलाच पाहिजे. त्याला वेळ किती? जास्तीत जास्त अर्धा तास. फाशी एकदा दिली की परत घेता येत नाही, आणि तेच पुरावे दोन न्यायाधीशांना दोन प्रकारे दिसू शकतात, हे त्यामागचे कारण. हा नवा हक्क झाला. मग जुन्यांचे काय? येथे न्यायालयाने १९५१ चा कठोर नियम पुढे केला नाही. ज्यांचे पुनर्विचाराचे अर्ज पूर्वीच फेटाळले गेले पण ज्यांची फाशी अजून अमलात आली नाही, त्यांनी एका महिन्याच्या आत अर्ज करावा, त्यांचे प्रकरण पुन्हा उघडले जाईल, असे सांगितले. ज्यांचा त्यापुढचा उपचारात्मक अर्जही फेटाळला गेला होता त्यांना मात्र वगळले.

ह्या दारातून नाशिकचे सहा जण आत आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली. आता तोच पुरावा पुन्हा पाहिला गेला. तेव्हा दिसले की, बचावलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांतून दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते, आणि पोलिसांनी त्या चौघांचा पाठपुरावाच केला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. ते गरीब भटक्या जमातीचे असल्यामुळे त्यांना गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा शेरा न्यायालयाने मारला. प्रत्येकास ५ लाख रुपये देण्याचा व तपासातील दोषी अधिकाऱ्यांचा शोध घेण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. त्यांतील एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही दरम्यान निष्पन्न झाले होते.

सोळा वर्षे! देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने ज्यांना एकदा फाशीस पात्र ठरविले ते सहा जण, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाच्या मते, गुन्हेगारच ठरत नव्हते. मधे काय बदलले? साक्षीदार बदलले नाहीत, कागद बदलले नाहीत. बदलली ती ऐकून घेण्याची रीत. ती रीत फक्त पुढच्यांसाठी ठेवली असती, मागच्यांना लावली नसती, तर ही माणसे आज जिवंत असती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आणि त्या झोपडीत मारल्या गेलेल्यांच्या आप्तांना तरी काय मिळाले? खरे अपराधी सापडले नाहीत. निरपराध्यास फाशी दिल्याने त्या मृतांना न्याय मिळाला असता काय?

ज्या समाजावर १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याच्या पुस्तकातून निघाला. पोलिसांच्या वहीतून आणि तुरुंगाच्या नियमांतून तो निघाला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे बहात्तर वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला सुकन्या शांता ह्या पत्रकार भगिनींच्या याचिकेवर सांगावे लागले की, तुरुंगात जात पाहून झाडलोट व मैला साफ करण्याचे काम वाटणे हा अस्पृश्यतेचाच प्रकार आहे. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकावा. आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे नियम बदलावेत. सतरावे कलम १९५० पासून घटनेत आहे. ते तुरुंगाच्या फाटकाच्या आत पोहोचावयास इतकी वर्षे लागली. तेव्हा हक्काने मागे जावे की न जावे हा वाद आम्ही घालीत असताना, हक्क पुढे तरी किती चालतो, हेही पाहावयास हवे.

आता पुण्याच्या एका प्रकरणाकडे वळतो. १९९४ साली तेथे एका घरात सात खून झाले. एका आरोपीस १९९८ साली फाशी सुनावण्यात आली व २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्याच्या कागदांत त्याचे वय विशीच्या आसपासचे लिहिलेले होते. पुढे बालकांच्या न्यायासंबंधीचे कायदे बदलले. गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो हे आरोपीला कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, खटला अंतिम होऊन गेल्यावरही सांगता येते असा नियम झाला, आणि तो जुन्या शिक्षांनाही लागू झाला. ह्या कैद्याने अर्ज केला. राजस्थानातल्या एका गावच्या सरकारी शाळेच्या पटावर त्याच्या जन्माची नोंद सापडली. तिथे त्याचे नाव थोडे निराळे होते, त्यावरून पुष्कळ वाद झाला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. अशा मुलास कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. त्याला त्वरित सोडण्यात आले.

नवा कायदा त्याच्यापर्यंत आपण होऊन चालत आला नव्हता. कोणीतरी त्याच्यासाठी अर्ज लिहिला, कोणीतरी त्या गावच्या शाळेत जाऊन नोंदवही उघडली, म्हणून हक्क त्याच्या हाती पडला. नाशिकच्या सहा जणांचीही तीच गोष्ट. आमच्या मते ह्या साऱ्या चर्चेचे मर्म येथे आहे. हक्क मागे जातो की नाही, ह्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात अर्धेच मिळते; उरलेले अर्धे, कैद्याच्या मागे अर्ज लिहिणारा कोणी उभा आहे की नाही, ह्यावर ठरते. एका महिन्याच्या आत अर्ज करा, असे दिल्लीतले न्यायालय सांगते. ज्याला अक्षरओळख नाही, ज्याच्या घरच्यांना भेटीच्या गाडीभाड्याची विवंचना, त्याला तो महिना कधी सुरू झाला आणि कधी संपला हे कोण सांगणार?

प्रत्येक प्रकरण असे पुन्हा पुन्हा उघडू लागले तर खटल्यांना शेवट राहणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. ज्यांचे आप्त मारले गेले त्यांनाही एकदा शेवट हवा असतो. म्हणून दंड भरून मोकळ्या झालेल्या, शिक्षा भोगून घरी आलेल्या मनुष्याचे प्रकरण बंद मानले तर आम्ही फार तक्रार करणार नाही. जरी त्या जुन्या नोंदीमुळे त्याच्या मुलाची पोलीस चौकशी नोकरीच्या वेळी अडते हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु जो अजून कोठडीत आहे, त्याची शिक्षा रोज सकाळी नव्याने चालू होते. त्याचे प्रकरण मिटलेले कसे म्हणावे? फाजल अली यांनी मिटलेले आणि चालू असलेले ह्यांत जो भेद केला, तो खटल्यापुरता न ठेवता शिक्षेलाही लावावा, एवढेच आमचे म्हणणे.

सर्वोच्च न्यायालय त्या दिशेने येत आहे असे दिसते. २५ ऑगस्ट २०२५ रोजी नागपूरच्या एका प्रकरणात, जेथे फाशी पूर्वीच अंतिम झाली होती, न्यायालयाने बत्तिसाव्या कलमाखालील याचिका ऐकून घेतली. शिक्षा ठरविण्यापूर्वी आरोपीची पार्श्वभूमी, मनःस्थिती व सुधारण्याची शक्यता तपासण्याची जी पद्धत २०२२ साली घालून दिली, ती त्याच्या वेळी पाळली गेली नव्हती. म्हणून शिक्षेचा प्रश्न नव्याने ऐकण्याचा आदेश झाला. दोषसिद्धी कायम राहिली. गुन्हा एका चिमुकल्या मुलीवरील घोर अत्याचाराचा होता आणि त्या अपराध्याविषयी आमच्या मनात यत्किंचितही कणव नाही. पण हक्क अपराध्याकडे पाहून दिला जात नसतो. बत्तिसावे कलम म्हणजे घटनेचा आत्मा व हृदय आहे असे डॉ. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले होते. अंतिम झालेल्या शिक्षेच्या दाराशी तेच कलम उभे राहावे, हे आम्हांस सुसंगत वाटते. अर्थात ही वाट अपवादात्मक प्रकरणांसाठीच आहे असेही न्यायालयाने बजावले आहे.

आमची शासनाकडे मागणी आहे ती साधी आहे. ज्या दिवशी न्यायालय असा नवा हक्क मान्य करील किंवा एखादे कलम रद्द करील, त्या दिवसापासून ठराविक मुदतीत प्रत्येक तुरुंगाधिकाऱ्याने आपली नोंदवही तपासून, ह्या निर्णयाचा लाभ कोणत्या कैद्यास मिळू शकतो त्याची यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावी. कैद्याने शोधीत यावे, ही रीत उलटी आहे. ज्या राज्याने त्याला आत टाकले त्याच्याजवळ त्याचे नाव, कलम, वय, तारीख, सारे लिहिलेले असते.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर ज्या कुटुंबातील कोणी तुरुंगात असेल त्यांनी निकालपत्राच्या नकला, अपिलाचे कागद आणि त्या व्यक्तीचा शाळेचा दाखला जपून ठेवावा. दाखल्यावर नाव वा जन्मतारीख निराळी पडली असेल तरी तो टाकू नये. पुण्याच्या प्रकरणात तसाच कागद कामी आला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तुरुंगात असलेल्या कोणाही व्यक्तीला आणि अनुसूचित जातीच्या कोणाही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरले गेल्यामुळे धर्मांतराच्या कारणाने तो हक्क नाकारता येत नाही. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यावा, त्याची पोच मागून घ्यावी, आणि पोचेवर तारखेचा शिक्का आहे की नाही ते तेथेच पाहावे.